रात्रीचा दमा : गोळी की पंप?

नवी दिल्ली : दिवसभर बरे वाटणाऱ्या दम्याच्या रुग्णाला पहाटे अचानक खोकल्याने किंवा धाप लागून जाग येते. त्यामागे शरीराचे दैनंदिन चक्र असते. रात्री कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनॅलिन या संप्रेरकांची पातळी खालावते आणि पहाटे चारच्या सुमारास श्वासनलिका सर्वाधिक अरुंद होतात.

श्वासनलिका रुंदावणारे औषध गोळी वा सिरपच्या रूपात पोटातून किंवा इनहेलरद्वारे, म्हणजेच ‘पंपा’तून, थेट फुप्फुसांत पोहोचते. सॅल्ब्युटामॉल दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. त्याच्या एका फवाऱ्यात साधारणपणे १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या ४० पट. तरीही फवाऱ्याने काही मिनिटांत आराम पडतो. गोळीला अर्धा तास लागू शकतो. शिवाय गोळीतील औषध रक्तावाटे सर्वत्र पसरत असल्याने हात थरथरणे, छातीत धडधडणे असे त्रास अधिक होतात.

मग रात्रीसाठी गोळीचा आधार का घेतला गेला? सॅल्ब्युटामॉलच्या फवाऱ्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, म्हणजे झोपताना घेतलेले औषध नेमके पहाटे ओसरते. सावकाश विरघळणारी थिओफिलिनची गोळी रात्रभर काम करते. मात्र तिची उपयुक्त आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. मात्रा वाढल्यास उलट्या, हृदयाचे अनियमित ठोके, प्रसंगी आकडीही येऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या प्रतिजैविकाने रक्तातील तिचे प्रमाण वाढते.

सुमारे १२ तास परिणाम टिकणारी साल्मेटेरॉल आणि फॉर्मोटेरॉल ही श्वासावाटे घेण्याची औषधे आल्यावर गोळीचा हा लाभही उरला नाही. तुलनात्मक चाचण्यांत साल्मेटेरॉल घेणाऱ्यांना थिओफिलिनपेक्षा अधिक रात्री शांत झोप मिळाली आणि दुष्परिणामही कमी आढळले.

तथापि, नलिका रुंदावल्याने त्यांच्या अस्तराची सूज उतरत नाही. त्यासाठी श्वासावाटे घेण्याचे स्टिरॉइड आवश्यक असते. त्याच्या जोडीशिवाय दम्यात दीर्घ परिणामाचे औषध एकटे घेणे धोकादायक ठरते. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या जागतिक उपक्रमाने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ सॅल्ब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये, अशी शिफारस केली आहे.

भारतात हा प्रश्न गंभीर आहे. २०१९ च्या जागतिक रोगभार अंदाजानुसार दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात झाले. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज अजूनही अनेकांना उपचारांपासून दूर ठेवतो.

चार आठवड्यांत एकदा जरी दम्यामुळे झोपमोड झाली, तरी उपचारांचा फेरविचार आवश्यक असल्याचे ते लक्षण मानावे. गोळी स्वतःहून बंद न करता किंवा न वाढवता डॉक्टरांना भेटावे आणि पंप ओढण्याची पद्धत त्यांच्याकडून तपासून घ्यावी. पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, बोलताना दम लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.