ब्रेडी यांच्या नावाची खोली

 सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. व्हाइट हाउस आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम पत्रकारांना कळवतं. ते विचारतात, अध्यक्ष किती वाजता कुठे असणार हे असं जाहीर करणं म्हणजे मारेकऱ्याला आयता पत्ता देणं नाही का?

एकदा अगदी तसंच घडलं आहे. ३० मार्च १९८१, सोमवार. जॉन हिंक्ली नावाचा पंचविशीतला तरुण आदल्या दिवशी बसने वॉशिंग्टनला येऊन पोहोचला होता. सकाळी नाश्ता आणायला बाहेर पडला तेव्हा त्याने ‘वॉशिंग्टन स्टार’चा अंक घेतला. त्यात अध्यक्ष रेगन यांचा त्या दिवसाचा कार्यक्रम छापलेला होता : दुपारी वॉशिंग्टन हिल्टन हॉटेलात बांधकाम कामगार संघटनांपुढे भाषण. तोवर काय करायचं हे त्याचं ठरलेलं नव्हतं. ते त्या छापील ओळींनी ठरवलं. 

हिल्टनच्या त्या बाजूच्या दारापासून अध्यक्षांच्या गाडीपर्यंतचं अंतर जेमतेम तीस फूट. एवढ्याशासाठी काय, म्हणून रेगन यांनी त्या दिवशी बुलेटप्रूफ जाकीट घातलं नव्हतं. दोरीपलीकडे पत्रकार आणि बघे एकत्रच उभे होते आणि त्यांच्यातल्या कुणाचीही झडती झालेली नव्हती. २ वाजून २७ मिनिटांनी रेगन बाहेर आले आणि दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या सुटल्या. पहिली माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गेली, दुसरी शहर पोलीस दलातल्या टॉमस डेलाहँटी यांच्या मानेत. टिमोथी मॅकार्थी या अंगरक्षकाने हातपाय पसरून अध्यक्षांना आड घेतलं आणि एक गोळी स्वतःच्या पोटावर झेलली. शेवटची गाडीच्या पत्र्यावर आपटून रेगन यांच्या डाव्या काखेखालून आत शिरली.

सांगलीच्या वाचकांना माझं उत्तर असं, की यानंतर बदललं ते दार. हॉटेलने तिथे बंदिस्त प्रवेशमार्ग बांधला आणि अध्यक्षांच्या आसपास येणाऱ्या प्रत्येकाला धातुशोधक यंत्रातून जावं लागू लागलं. कार्यक्रम मात्र जाहीर होतच राहिले, आणि हेच बरोबर झालं असं मला मनापासून वाटतं. मराठी वाचकाला इथे बिर्ला हाउस आठवल्यावाचून राहणार नाही. संध्याकाळी पाचच्या प्रार्थनेची वेळ साऱ्या दिल्लीला ठाऊक होती. २० जानेवारीला तिथे बाँब फुटल्यावरही येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजी तयार नव्हते. दहा दिवसांनी पुण्याचा नथुराम गोडसे त्याच गर्दीतून पुढे आला. माणसांत राहणाऱ्या नेत्याची वेळ लपवता येत नाही, लपवली की तो माणसांत उरत नाही. राखायची असते ती शेवटची तीस फुटं.

हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी रेगन यांनी इस्पितळाच्या खाटेवरून दुधाच्या आधारभूत किमतीविषयीच्या एका विधेयकावर सही केली. अक्षर थरथरतं, पण सही झाली. कारभार थांबलेला नाही हे देशाला दाखवायचं होतं. बंदुकांचा कायदा कडक करण्याला मात्र त्यांनी वर्षानुवर्षं पाठिंबा दिला नाही. खरं तर हिंक्लीला ऑक्टोबर १९८० मध्ये नॅशव्हिलच्या विमानतळावर पिस्तुलांसह पकडलं होतं आणि त्या दिवशी अध्यक्ष कार्टर त्याच शहरात होते. शस्त्रं जप्त झाली, दंड भरून तो सुटला आणि थोड्याच दिवसांत डॅलसच्या एका गहाणवटीच्या दुकानातून त्याने नवी रिव्हॉल्व्हरं विकत घेतली. गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासायची सक्तीच नव्हती.

ब्रेडी वाचले, पण उरलेलं आयुष्य त्यांनी चाकाच्या खुर्चीत काढलं. त्यांच्या पत्नी सारा यांनी या तपासणीसाठी वर्षानुवर्षं खासदारांचे उंबरठे झिजवले. रेगन यांनी या तपासणीच्या विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला तो मार्च १९९१ मध्ये, पद सोडल्यावर, आणि तोही त्यांचा जीव वाचवणाऱ्या इस्पितळाच्या विद्यापीठातल्या समारंभात. कायद्यावर क्लिंटन यांची सही झाली ३० नोव्हेंबर १९९३ रोजी. हल्ल्याला बरोबर बारा वर्षं आठ महिने झाले होते.

आता त्या खोलीबद्दल. व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्ट यांच्यासाठी १९३३ साली बांधलेल्या पोहण्याच्या तलावावर फरशी घालून निक्सन यांनी तिथे पत्रकार कक्ष केला. खुर्च्या एकोणपन्नास. २००० साली तिला जेम्स ब्रेडी यांचं नाव दिलं गेलं. कुठे गोळीबार झाला आणि दिवसाचा ठरलेला कार्यक्रम बाजूला पडला, की अध्यक्ष अनेकदा याच खोलीत येऊन उभे राहतात. १४ डिसेंबर २०१२ रोजी न्यूटाउनच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, तेव्हा ओबामा इथेच बोलता बोलता डोळे टिपत होते. १८ जून २०१५ रोजी ते पुन्हा इथे आले. आदल्या रात्री चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जण मारले गेले होते.

चार्ल्सटनचं प्रकरण मला विसरता येत नाही. ब्रेडी कायद्यानुसार तपासणी कामकाजाच्या तीन दिवसांत पुरी झाली नाही, तर दुकानदाराला बंदूक विकता येते. मारेकऱ्याने अमली पदार्थ बाळगल्याची कबुली पोलिसांना आधीच दिलेली होती. तपासणाऱ्यांना ती नोंद वेळेत मिळाली नाही, तीन दिवस उलटले आणि बंदूक त्याच्या हाती गेली. ज्या माणसाच्या नावाच्या खोलीत अध्यक्ष शोक व्यक्त करत होते, त्याच माणसाच्या नावाच्या कायद्यातली ही फट होती.

म्हणून अशा दिवशी अध्यक्ष काय बोलले यावर मी थांबत नाही. महिन्याभरानंतरच्या त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत तो विषय उरला आहे का, हे पाहतो. युवाल्डीच्या शाळेतलं हत्याकांड २४ मे २०२२ चं. २५ जूनच्या सकाळी, युरोपला निघण्यापूर्वी, बायडन यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्याने एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकांची तपासणी गरज पडल्यास कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत लांबवता येते. एकवीस पूर्ण झालेल्यांसाठी त्या कायद्याने मुदत तीनच दिवसांची ठेवली.