वाळलेल्या फुलावरची तारीख

इकडे सरका रे पोरांनो, आज एका ठकसेन फुलाची गोष्ट सांगतो. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स म्हणून परगणा आहे. तिथल्या पांढऱ्या चुनखडीच्या माळांवर एप्रिल-मेमध्ये जेमतेम वीतभर उंचीचं एक रानटी ऑर्किड फुलतं. शास्त्रज्ञ त्याला ऑफ्रिस स्फेगोडेस म्हणतात.

या फुलात मधाचा थेंबही नसतो. मग कीटक येणार कशाला? तर त्याची खालची पाकळी तपकिरी, फुगीर, मखमली असते, आणि गंध येतो तो थेट अँड्रिना जातीच्या मादी मधमाशीचा! जमिनीत बीळ करून एकटी राहणारी ही मधमाशी. नर बिचारा मादी समजून फुलाला बिलगतो. डोक्याला परागांचे गठ्ठे चिकटवून घेतो आणि पुढच्या फुलावर जाऊन पुन्हा फसतो.

पण ही ठकबाजी वेळ साधली तरच जमते. या मधमाश्यांत नर आधी बाहेर पडतात, माद्या काही दिवसांनी. फुलाला फुलायचं ते मधल्या दिवसांतच. खऱ्या माद्या उडू लागल्या की खोटीकडे कोण बघतो?

आता ऐका, गोष्ट कुठे वळते ती. जुन्या काळी वनस्पतींचे शौकीन रानात हिंडायचे. आवडलेलं रोप उपटायचे, कागदात दाबून वाळवायचे, जाड कागदावर चिकटवायचे आणि कोपऱ्यात लिहायचे : जागा, तारीख, नाव. असे लाखो कागद लंडनमधल्या क्यू उद्यानात आणि लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेत. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. या ऑर्किडचे 1848 ते 1958 या काळातले 77 नमुने कॅरन रॉबिर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. प्रत्येक तारखेशेजारी त्या वसंतातलं तापमान मांडलं. शेजारी ठेवल्या मायकेल हचिंग्ज यांच्या नोंदी. या गृहस्थांनी ससेक्समधल्या एकाच माळावर 1975 ते 2006 दरवर्षी हीच फुलं मोजली होती. काय ती चिकाटी! दोन्हींचं उत्तर जुळलं : वसंत एक अंशाने गरम झाला, की फूल सुमारे सहा दिवस आधी फुलतं. हे 2011 साली छापून आलं. ज्यांनी त्या तारखा लिहिल्या, त्यांच्या मनातही हवामानाचा विचार नव्हता. तरी त्यांनी त्या नेमाने लिहिल्या, म्हणून मला ती माणसं फार मोठी वाटतात.

मग संग्रहालयांत टाचणीने टोचलेल्या मधमाश्यांच्या चिठ्ठ्याही वाचल्या गेल्या. 2014 साली कळलं, की एक अंश वाढला तर नर सुमारे नऊ दिवस आधी उडतात, आणि माद्या पंधरा दिवसांहूनही आधी!

करा बरं हिशेब. फूल सहा दिवस अलीकडे सरकलं, मादी पंधरा. म्हणजे गरम वर्षी फूल उमलतं तेव्हा नरांना खऱ्या माद्या भेटलेल्या असतात. या ऑर्किडच्या बहुतेक फुलांना एरवीही फळ धरत नाही. त्यात आता फसायला येणारा नरही दुर्मीळ होत चाललाय.