हक्काचे पैसे मागताना
स्वतःचा धंदा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण पहिला कामगार ठेवण्याबद्दल बोललो. त्याचा महिन्याचा पगार कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. तो पगार ज्या मालातून निघायचा, त्याचे पैसे कधी येतील हे मात्र मालकाला ठाऊक नसतं. त्याची झोप उडते ती इथे. आजचा विषय आहे वसुली.

भोसरी एमआयडीसीतला एखादा वर्कशॉपवाला घ्या. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशीन, पाच-सहा माणसं. एका मोठ्या कंपनीला सुटे भाग देतो. ५ एप्रिलला त्याने २ लाखांचा माल पाठवला, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६ हजार. दर महिन्याला विवरणपत्र भरत असेल, तर हा कर २० मेपर्यंत भरायला हवा. कच्च्या मालावर दिलेला कर त्यातून वजा होतो, तरी उरलेले पैसे खिशातूनच जातात. कंपनीचा शिरस्ता ९० दिवसांचा, म्हणजे पेमेंट जुलैत. तोवर मशीनचा हप्ता, वीजबिल आणि स्टीलवाला थांबत नाहीत. बँकेची कॅश क्रेडिट असली, तरी जुनी येणी, बहुधा ९० दिवसांपलीकडची, बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे उचलीच्या मर्यादेत, धरत नाही. पैसे जितके अडकतील, तितकी उचलही कमी.

मग फोन सुरू होतात. “जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेला नाही.” “बिल पुट-अप केलंय.” “साहेब टूरवर आहेत, मंगळवारी बघू.” पलीकडचा माणूस उर्मट नसतो, उलट गोडच बोलतो. आणि आपला वर्कशॉपवाला म्हणतो, “नाही नाही, तशी घाई नाही, सहज फोन केला होता.”

घाई नसती तर त्याने फोन केलाच नसता. पण तोंडातून निघतं ते हेच. एक तर पुढची ऑर्डर जाईल ही धास्ती. दुसरं म्हणजे मागणं कमीपणाचं, हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. तिसरं कारण खोल आहे: धंदा आणि आपण यात त्याला फरकच वाटत नाही. पगार लांबला की नोकरदार कंपनीवर चिडतो. पेमेंट लांबलं की मालक स्वतःवर चिडतो. आपलंच काही चुकलं असणार, असं त्याला वाटत राहतं. घरी कोणी विचारलं तर “काही नाही.” बायकोचे दागिने तारण जातात, आणि त्यावर घरात बोलणं होत नाही.

कायदा मात्र त्याच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आणि माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. जीआरएनची सबब कायद्यापुढे टिकत नाही ती यामुळे. तक्रार ऑनलाइन फॅसिलिटेशन कौन्सिलकडे नेता येते. निकाल विरुद्ध गेला आणि कोर्टात आव्हान द्यायचं, तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

१ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यातलं ४३ब(एच) कलमही लागू झालं: पेमेंट मुदतीत केलं नाही, तर त्या खरेदीची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळते. तेव्हा काही खरेदीदारांनी पुरवठादारांना ‘उद्यम’ ही लघुउद्योगाची सरकारी नोंदणीच रद्द करायला सांगितल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे कायदा आला, तरी ऑर्डर जाण्याची भीती होती तिथेच राहिली. ती कमी करायला रोजच्या कामाची रीत बदलावी लागते.

पहिली रीत : पैसे उशिरा मागण्यापेक्षा कागद लवकर मागा. माल पोचल्यावर तिसऱ्या दिवशी विचारा, “जीआरएन झाला का?” दहाव्या दिवशी, “बिल अकाउंट्सला पोचलं का? काही क्वेरी आहे का?” यात पैशाचा उल्लेखही नाही, त्यामुळे जीभ अडखळत नाही. पीओ नंबर चुकलाय किंवा चलनावर शिक्का नाही, हे दहाव्या दिवशी कळतं, साठाव्या नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असू द्या. नोंदणी फुकट आहे. ती माल देण्यापूर्वीच करून ठेवा.

दुसरी : वसुलीचा फोन मालकाने करू नये. अर्धवेळ हिशेब बघणाऱ्या ताईंनी ठरलेल्या वारी करावा. त्यांच्या दृष्टीने ते निव्वळ काम असतं, त्यामुळे “सहज केला होता” असं त्या म्हणत नाहीत. मालकाने परचेसवाल्यांशी संबंध सांभाळावेत.

तिसरी : खरेदीदार मोठा असेल तर ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचाची चौकशी करा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी कपात होऊन पैसे लवकर मिळतात. पुढे कंपनीने बँकेचे पैसे बुडवले, तरी बँक तुमच्याकडे येत नाही. मात्र नोंदणी असली तरी बिल मान्य करणं कंपनीच्याच हातात असतं.

या आठवड्यात एक काम करा. गेल्या वर्षीच्या विक्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाचा वाटा किती टक्के, ते कागदावर मांडा. एकाच नावापुढे ६०-७० टक्के दिसले, तर फोनवर तुमचा आवाज का नरम पडतो ते समजेल. तो स्वभावाचा दोष नाही. दुसरं आणि तिसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत कायद्याचं पुस्तक हाती असूनही तुम्ही ते उघडणार नाही. म्हणून महिन्यातले दोन गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी असते तेव्हा, नव्या कंपन्यांची यादी आणि कोटेशनं करण्यासाठी राखून ठेवा.

पण नवं गिऱ्हाईक पहिलाच प्रश्न भावाचा करतं. पुढच्या लेखांकात : आपल्या कामाचा भाव सांगताना आपण तो स्वतःच का पाडतो.