ब्रॉयलरला प्रोबायोटिक द्यायचं? आधी हिशोब करा

प्रोबायोटिक म्हणजे आतड्यात काम करणारे चांगले जिवंत जिवाणू. प्रीबायोटिक म्हणजे त्या जिवाणूंचं खाणं. दोन्ही औषधं नाहीत. ओलं तूस आणि कोंदट शेड यांवर तर हा उपाय अजिबात नाही.

आता पैसे. १००० पक्षी, सरासरी वजन २ किलो. एफसीआर १.६५ वरून १.६० झाला, तर साधारण १०० किलो खाद्य वाचलं. किलोला ४० रुपये धरा, ४००० झाले. पावडरीचा खर्च याच्या बराच आत बसला तरच घ्या. (स्वतः दुकानदार असून सांगतोय!) कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर आधी सुपरवायझरला विचारा, खाद्यात ते आधीच असू शकतं.

लॅक्टोबॅसिलस पाण्यातून देताना त्या पाण्यात क्लोरीन नको. अँटिबायोटिक चालू असेल तर थांबा, नाहीतर जिवाणू मरतात आणि पैसे अक्षरशः पाण्यात. पेलेट खाद्यासाठी बॅसिलस सबटिलिस बरं, त्याचे बीजाणू उष्णता सोसतात. सुरुवात पिल्लं आल्या दिवसापासूनच करा.

पहिल्या बॅचला शेडमध्ये जाळी लावून दोन भाग करा, एकालाच पावडर द्या. दोन्हींचं खाद्य, वजन, मरतूक वेगळी लिहा.