रोजचे आत्मपरीक्षण व पापनिवेदन

ईस्टरच्या तोंडावर वर्षातून एकदा पापनिवेदन केले की आपले कर्तव्य संपले, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम घालून दिला. गंभीर पापांबाबत तो आजही लागू आहे. परंतु ही किमान मर्यादा आहे. आपण दर पंधरा दिवसांनी पापनिवेदन करतो, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली सांगितले होते.

रोजच्या नूतनीकरणासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत: देवाचे आभार मानणे, पाप ओळखण्याची कृपा मागणे, दिवसभराचे विचार, शब्द व कृती तपासणे, क्षमा मागणे आणि सुधारण्याचा निश्चय करणे. आरंभ आभाराने होतो, कारण देवाची प्रीती आठवल्यावरच पापाची खरी खंत वाटते.

हे आत्मपरीक्षण म्हणजे प्रायश्चित्त संस्काराला पर्याय नव्हे. ती त्याची तयारी आहे. बांधावरून भावाशी धरलेला अबोला त्याच रात्री ओळखला, तर सकाळी एका हाकेने सुटू शकतो. वर्षभर तो मनात मुरला, तर पापनिवेदनाच्या वेळी तो पाप म्हणून आठवतही नाही.

म्हणून आज रात्री कौटुंबिक रोझरीनंतर पाच मिनिटे प्रभूसमोर शांत बसू या, आणि गंभीर पाप आढळल्यास विलंब न लावता धर्मगुरूंकडे जाऊ या.