ओसाड व्यापारसंकुल आणि अनित्यतेचे दर्शन

अनित्यतेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा वार्धक्य, स्मशान किंवा भग्न स्तूप उभा राहतो. परंतु आपल्या काळाची भग्न वास्तू कोणती, असा प्रश्न केल्यास मॉल, म्हणजेच मोठे व्यापारसंकुल, असे उत्तर द्यावे लागेल. तृष्णा सतत चेतवीत ठेवणे हेच जिचे प्रयोजन, ती वास्तू ओस पडल्यावर कशी दिसते? बँकॉकमधील 'न्यू वर्ल्ड' या संकुलाच्या छायाचित्रांच्या आधारे आम्ही येथे या प्रश्नाचा विचार करीत आहोत.

हे संकुल बांगलाम्फू या जुन्या वस्तीत आहे. जवळच वाट बोवोन्निवेत हा विहार असून, १८३६ मध्ये भिक्खू असलेले राजपुत्र मोंगकुट त्याचे प्रमुख झाले होते. 'न्यू वर्ल्ड'ला परवानगी होती चार मजल्यांची. बांधले गेले अकरा. म्हणून १९९७ मध्ये ते बंद करण्यात आले. १९९९ मध्ये आग लागली. २००४ मध्ये काही भाग कोसळून जीवितहानीही झाली. वरचे मजले पाडण्यात आले आणि छप्पर उरले नाही. आत पावसाचे पाणी साचले, पाण्यात डास झाले आणि डासांच्या बंदोबस्तासाठी रहिवाशांनी त्या पाण्यात मासे सोडले.

२०१४ मध्ये जेसी रॉकवेल यांनी काढलेली तेथील छायाचित्रे जगभर पाहिली गेली. सरकते जिने हिरवट पाण्यात उतरून स्थिरावलेले आहेत. उघड्या माथ्यावरून प्रकाश खाली येतो, आणि जेथे ग्राहकांची वर्दळ असे तेथे माशांचे घोळके फिरत आहेत.

हे दृश्य सुंदर का वाटते? मनोहर भासून आसक्ती जागविणाऱ्या लक्षणास पाली वाङ्मयात 'सुभनिमित्त' म्हणतात. दुकानाची सारी मांडणी त्यावरच उभी असते. तेथील प्रत्येक दिवा विक्रीच्या वस्तूवर रोखलेला असतो. ओसाड संकुलात मात्र विकण्याजोगे काही उरत नाही. त्यामुळे 'हे मला हवे' असे न म्हणता दृष्टी तेथे विसावू शकते. अशा दर्शनाने मनाला बसणाऱ्या हादऱ्यास 'संवेग' ही संज्ञा आहे.

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. चित्र मोहक असले की त्यामागचा बेकायदा बांधकामाचा लोभ, गेलेला जीव आणि शेजाऱ्यांनी सोसलेला त्रास दिसेनासा होतो. मग भग्नताच नवे सुभनिमित्त बनते, आणि चित्राचाही विक्रीयोग्य माल होतो. यावर उपाय 'योनिसो मनसिकार', म्हणजे मुळापर्यंत जाऊन केलेला विचार. लोभामुळे बांधकाम, बांधकामामुळे बंदी, छप्पर नसल्याने पाणी, पाण्यामुळे डास, डासांमुळे मासे: ही कारणपरंपरा ध्यानी घेतली की तेच छायाचित्र प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ ठरते. माशांचे सौंदर्य त्याने उणावत नाही. ते शेजाऱ्यांच्या साध्या शहाणपणातून आले, हे कळल्याने ते अधिकच खरे वाटते.

जानेवारी २०१५ मध्ये नगरप्रशासनाने सुमारे ३००० मासे बाहेर काढले. छायाचित्रातील ते तळे आता नाही. जे पालटणार होते ते पालटले. छायाचित्राने त्यास थोपविले नाही. नीट पाहण्याची एक संधी तेवढी आपणांस दिली.