नव्या चष्म्याची बैठक
चिंचवडच्या कारखान्यांत पाळीभर मायक्रोमीटरच्या सूक्ष्म रेषा न्याहाळणाऱ्या कामगारास नवा चष्मा नाकावर रुतू लागला वा कानामागे बोचू लागला, तर ते निमूटपणे सोसण्याचे काहीच प्रयोजन नाही. चष्म्याचा भार मुख्यतः नाकाने वाहावा व काड्यांनी तोल सांभाळावा, हे मूलतत्त्व होय. म्हणून काडीचा बाक कानाच्या मुळाशीच यावा आणि नाकावरील गाद्या सपाट टेकाव्यात. एक बाजू उंच दिसल्यास त्याच बाजूची काडी किंचित वर वळवितात, म्हणजे ती बाजू खाली येते. प्लास्टिकची चौकट ऊब दिल्यावाचून वाकविल्यास तडकण्याचा संभव असतो, सबब हे काम चष्मेवाल्याकडूनच करवावे. नव्या नंबरास डोळे सरावण्यास काही दिवस लागतात. परंतु पंधरवड्यानंतरही डोके दुखत राहिल्यास नंबराची व मापांची फेरतपासणी अवश्य करवून घ्यावी.